भट्टीत काय आहे ते मी विचारलं नाही

अन्याय झाला तो आमच्या गावच्या गिरणीवाल्या चाचींवर. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. वेळ पक्की सांगते, कारण मी घड्याळ बघत तिथं उभी होते. वायरमन खांबावर चढला, गिरणीची थ्री फेजची वायर सोडली आणि खाली उतरला. आत दगडांमध्ये अर्धी दळलेली बाजरी तशीच राहिली. वायरमनला दोष देऊ नका. त्याच्या हातात तक्रारीचा कागद होता आणि तो कागद मी लिहिला होता.

कागद लिहिणं हेच माझं काम आहे. वीज, पाणी, रेशन यांच्या तक्रारी घेऊन भांडणारा एक लहानसा गट मलकापूरला आहे, त्यात मी असते. तिथं मला पत्रक लिहायला शिकवलं. पहिल्या ओळीत कुणावर अन्याय झाला, दुसरीत कधी झाला. वाचणारा एसटीची वाट बघत उभा असतो, त्याला तुमच्या प्रस्तावनेशी देणंघेणं नसतं. हे मला इतकं पटलं की मी घरीसुद्धा तसंच बोलायला लागले. आई चिडवते, "ऐका गं, दुधावर अन्याय झालाय. सकाळी सात वाजता. मांजरानं केला."

आमचं गाव आटपाडीच्या बाजूला, माळावर. आमच्या घरात आजोबांपर्यंत मेंढरं होती. मग थोरले चुलते गलाईला बाहेर पडले. गलाई म्हणजे सोन्याचांदीच्या दुकानांतली झाडलोट, जुने दागिने, पुसायच्या चिंध्यासुद्धा भट्टीत घालून त्यातून धातू गाळून वेगळा करायचा धंदा. आमच्याकडची कितीतरी घरं या कामापायी देशभर पसरली आहेत. दिवाळीला, यात्रेला माणसं येतात, कोट घालून फिरतात, परत जातात.

गलाईच्या घरांची एक रीत आहे. भट्टीत काय आहे, हे विचारायचं नाही. भट्टीत दुसऱ्याचं सोनं असतं आणि दुसऱ्यानं ठेवलेला भरवसा असतो. लहानपणी सुट्टीत चुलत्यांकडे गेले असताना मी एकदा विचारलं होतं. आईनं दंड धरून मला बाहेर आणलं. "न्हाणीत कोण हाय असं वाकून इचारतीस का कुणाला? तसंच हाय हे." मी परत कधी विचारलं नाही. त्या विचारण्यातली लाज माझ्या अंगात इतकी मुरली की ती लाज आहे हेसुद्धा मला कळेनासं झालं.

तर त्या वर्षी श्रावणापासून आमच्या वस्तीची लाइट बिघडली. लाइट जाण्याचं आम्हाला काही वाटत नाही. जाते, येते. आमच्यातल्या निम्म्या बायका लाइट गेली की आधी चहा टाकतात, मग बघतात कुणाकुणाची गेली. पण ही लाइट असून नसल्यासारखी होती. बल्ब भरदुपारी हळदीसारखा पिवळा. फ्रिज टक करून चालू व्हायचा, टक करून बंद पडायचा. पाण्याच्या टाकीची मोटर नुसती कण्हायची आणि टाकी निम्मीच भरायची. शेवटी वस्तीतल्या बायकांनी मला फोन केला. "तिकडं जगाच्या लाइटी लावतीस, हितं आमच्या टाकीत पाणी न्हाई. ये की जरा."

मी गेले. वही घेऊन गेले.

आमच्या वस्तीला एकच डीपी आहे, म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर. सगळी कनेक्शनं त्याच्यावर. माझं गणित सोपं होतं. कुणीतरी मंजुरीपेक्षा जास्त लाइट ओढतंय, म्हणून बाकीच्यांना पुरत नाही. दारोदार जायचं, मंजूर भार किती, चालवता किती, दोन्ही लिहून घ्यायचं. जिथं फरक दिसेल तिथं बोट ठेवायचं.

चाचींची गिरणी वस्तीच्या तोंडाशीच आहे. त्यांच्या मालकांनी ती घातली, ते गेल्यावर चाचींनी एकटीनं चालवली. दुपारपर्यंत त्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असतात. दगडाला टाकी लावायचं, म्हणजे छिन्नीनं खाचा पाडायचं कामसुद्धा त्या स्वतः करतात, गडी बोलवत नाहीत. बोलतात आमच्यासारखंच. राग आला तरच घरच्या बोलीत जातात, आणि तसा तो क्वचितच येतो.

"मंजूर भार किती, चाची?"

"साडेसात हॉर्सपॉवरचा."

"आणि मोटर?"

"धाची. तुझ्या चाचांनी बसवली. टेम्पोतनं उतरवायला निम्मं गाव लागलं हुतं, तुझा बापबी हुता त्यात. लपवली कवा?"

मी लिहिलं, साडेसात, दहा. आणि खाली जाड रेघ मारली.

"आन हेबी लिव," चाची म्हणाल्या. "दुपारी माझी गिरणी बंद असती, तवाबी बल्ब पिवळाच असतोय. दुपारी ये आन बघ."

हे मी लिहिलं नाही. दहाचा आकडा सापडला होता ना मला.

त्याच दिवशी ओढ्यापलीकडे दादाच्या शेडवरही गेले. दादा म्हणजे त्याच थोरल्या चुलत्यांचा मुलगा. दक्षिणेत गलाईचं दुकान सांभाळून तो उन्हाळ्यात गावी आला होता आणि त्यानं बंद पडलेली एक पोल्ट्रीची शेड घेतली होती, गलाईची भट्टी घालायलाच, असं सगळे धरून चालले होते. शेडला पत्रे ठोकून बंद केलेलं. एका भिंतीत मोठे पंखे, त्यातून बाहेर गरम झळ आणि आतून आवाज, आग्या मोहोळ उठल्यासारखा. दादा बनियनवर बाजेवर बसला होता.

"काय गं, शिरगणती व्हय?"

"लाइटचा भार लिहून घेतेय सगळ्यांचा."

"लिव की. च्या घेनार का?"

मी शेडकडे बघितलं. पत्र्यावर हात ठेवला तर चटका बसला. आणि मी, जी मलकापूरच्या रेशन दुकानदाराला भर दुकानात पोतं उघडायला लावते, ती मी तिथं वहीत एकच शब्द लिहिला, भट्टी. भाराच्या रकान्यात आडवी रेघ. चहा प्यायले. दादा म्हणाला, गिरणीमुळं आमचीबी लय वडाताण हुतीया. त्याला ते खरंच वाटत होतं. माझ्या अर्जावर पहिली सही त्याची.

पत्रकाचा मथळा होता, 'एका गिरणीसाठी सारी वस्ती वेठीला का?' मलकापूरच्या प्रेसमध्ये पिवळ्या कागदावर छापून आणलं. एसटीच्या थांब्यावर, डेअरीवर, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर चिकटवलं. वीज कार्यालयाला अर्जासोबत जोडलं. मला त्या मथळ्याचा अभिमान वाटत होता, खोटं कशाला बोलू.

मग तो मंगळवार. वायरमन उतरल्यावर चाची हात झटकत बाहेर आल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वाच."

"काय?"

"कागद. माझ्यापाशी चष्मा न्हाई. तू लिवलायस, तूच वाच."

दहा-बारा माणसं उभी होती. मी वाचायला लागले. सुरुवातीला सभेतला आवाज होता. तिसऱ्या परिच्छेदापर्यंत तो कुठं गेला कळलं नाही. चाचींनी शेवटपर्यंत ऐकलं.

"चांगलं लिवतीस गं. आवाजबी चांगला हाय. तेवढं दुपारचं न्हाई आलं बघ त्यात." आणि त्यांनी गिरणीचं दार ओढून घेतलं.

संध्याकाळी बल्ब पिवळा. दुसऱ्या दिवशी पिवळा. टाकी निम्मी. फरक एवढाच की आता बायका दळणाचे डबे घेऊन एसटीनं शेजारच्या गावाला जायला लागल्या. परतीच्या गाडीत जागा नसायची, डबा मांडीवर, मूल डब्यावर. माझ्या दारावरून जाताना एकीनं मुद्दाम आवाज चढवला, "काय बाय, पत्रकाची भाकरी हुती का?" दुसरी म्हणाली, "हुती की. पिवळी हुती." हसत हसत गेल्या. गिरणी नाही तर शाळेचे संगणक लाइट ओढत असतील, असं धरून मी आत बसून त्यांच्याविरुद्ध पत्रक लिहायला घेतलं होतं. लाज वाटते, पण घेतलं होतं.

शनिवारी लाइनच्या कामासाठी सकाळपासून लाइट बंद होती. दुपारी चाचींचा निरोप आला, तुमचं निम्मं दळण दगडात अडकलं होतं, काढून ठेवलंय, घेऊन जा. म्हणजे ती अडकलेली बाजरी आमचीच होती. आई जायला तयार नव्हती. "तू बंद पाडलीस, तूच जा."

गेले. चाची पोत्यावर बसल्या होत्या. इतकी स्वच्छ गिरणी मी कधी बघितली नव्हती, आणि ते बघवत नव्हतं. पीठ नसलेल्या त्यांच्या भुवया काळ्या होत्या. मी माफीचं वाक्य जुळवत होते, तेवढ्यात लाइट आली. दिव्याची तार नव्हतीच तोडलेली, थ्री फेजच सोडवली होती. बल्ब लागला, पांढराशुभ्र.

"चाची, मी..."

"बोलू नगं. त्येच्याकडं बघ."

त्यांनी थर्मासमधला चहा दोन कपांत ओतला. आम्ही बल्बकडे बघत चहा प्यायलो. कप निम्मा झाला तेव्हा उजेड एक पायरी खाली आला. मग आणखी एक. कप रिकामा होईपर्यंत बल्ब पुन्हा हळदीचा झाला.

"बघितलंस? माणूस बटान दाबतोय तवा लाइट एकदम दचकती. ही दचकत न्हाई, बसत बसत जाती. म्हंजे कायतरी आपलं आपण उठतंय, एकापाठी एक. आन लय हायती."

तोवर ओढ्यापलीकडून तो मोहोळाचा आवाज सुरू झालाच होता.

"गलाईची भट्टी मी बघितलीया," चाची म्हणाल्या. "ती गॅसवर असती. तिला एवढी लाइट कशाला?"

"मग तुम्ही आधी का नाही बोललात?"

"कुनाला बोलू? तुझा कागद चिकटल्यावर माझं कोन ऐकनार? आन ह्याच गावात म्हातारी झाले मी. भट्टीत काय हाय ते इचारत न्हाईत, मलाबी ठावं हाय की."

मी बाजरीचा डबा तिथंच ठेवला आणि ओढा ओलांडला. दादा बाजेवरच होता.

"दादा, भट्टीत काय हाय?"

तो उठून बसला. मी त्याच्या थोबाडीत मारली असती तरी त्याचा चेहरा एवढा उतरला नसता. "घरातल्या पोरीनं इचारावं व्हय हे?"

"घरातल्या पोरीनं पहिल्यांदा विचारायला पाहिजे होतं. ते केलं नाही म्हणून दुसऱ्याच्या घरात वायरमन गेला."

तो बाजेवरून खाली उतरला. मग किल्ली काढली आणि दार उघडलं.

आत भट्टी नव्हतीच. कोंबड्यांच्या जागी लोखंडी मांडण्या आणि त्यांवर बुटाच्या खोक्याएवढ्या मशीनी, प्रत्येकीला पुढं-मागं पंखा. मोजायला मला दोनदा सुरुवात करावी लागली. एका बाजूला भिजवलेली गोणपाटं लोंबत होती, थंडाव्यासाठी. बोलायचं तर ओरडावं लागत होतं.

"हे काय करतं?"

"नाणं काढतंय. आभासी नाणं. मशीन एक कोडं सोडवतंय. जगात जे मशीन पयलं सोडवंल त्येच्या मालकाला नाणं."

"कोडं कोण घालतं?"

"कुनी न्हाई. मशीनीच घालत्यात, मशीनीच सोडवत्यात."

"आणि सुटलं की?"

"दुसरं."

मला हसू आलं आणि त्याच वेळी इतका संताप आला की कानशिलं तापली. त्या कोड्याचं उत्तर जगात कुणाच्या चुलीला, कुणाच्या घागरीला लागत नाही. त्याच्यासाठी आमच्या टाकीत पाणी चढत नव्हतं. त्याच्यासाठी लोकांच्या पोरी मांडीवर दळण घेऊन एसटीत अवघडून बसत होत्या. आणि पोल्ट्रीचा मंजूर भार होता पाच हॉर्सपॉवरचा. दहाची एक मोटर मी गावभर चिकटवली होती. इथं तशा कितीतरी मोटरींएवढा भार पत्र्याआड बसला होता आणि माझ्या वहीत त्याच्या नावापुढं रेघ होती.

"चोरी न्हाई केली मी," दादा म्हणाला. "मीटर पळतंय, बिल भरतोय. दुकानाच्या शेजारी एकजण हे करत हुता. म्हनाला, तुज्या गावात जागा हाय, वारा हाय. लाइटचं काय त्यानं इचारलं न्हाई, मीबी सांगितलं न्हाई. आठवड्यातनं चार दिस तर ह्या नुसत्या उठत्यात आन झोपत्यात. व्होल्टेज पडलं की आपलं आपण बंद. दोन जळल्या."

"व्होल्टेज कुणामुळं पडतंय, दादा?"

तो मांडण्यांवरच्या मशीनी बोटानं मोजायला लागला. त्याच्या ध्यानात तेव्हा पहिल्यांदा आलं, हे मी शपथेवर सांगेन. इतके दिवस तोही गिरणीलाच शिव्या देत होता.

आम्ही दोघं चाचींकडे गेलो. मी म्हटलं, पिवळी पत्रकं आजच फाडते, नाहीतर त्यांच्यावर नवीन चिकटवते. चाची म्हणाल्या, "फाडायचं न्हाई. वर चिकटवायचंबी न्हाई. शेजारी चिकटव. लोकांनी दोनीबी वाचू देत."

दुसरं पत्रक तेवढ्याच आकाराचं, त्याच प्रेसचं. त्यात दहाची मोटर लिहिली, पाचची मंजुरी लिहिली, रकान्यातली रेघ लिहिली आणि ती कुणी मारली तेही. दादानं छापायच्या आधी वाचायला मागितलं. म्हणाला, "समदं ऱ्हाऊ दे. फकस्त भट्टी नगं लिवू, मशीन लिव. भट्टीचं नाव खराब हुतंय." त्याचं ऐकलं.

वायर सोडायला वायरमनला दहा मिनिटं पुरली होती. जोडायला तीन अर्ज, एक पाहणी आणि संक्रांतीपर्यंतचे सगळे दिवस लागले. एखाद्याविरुद्ध कागद धावतो आणि त्याच्या बाजूचा कागद बसून राहतो, हे मी दुसऱ्यांच्या बाबतीत शंभरदा बोलले होते. आता तेच वाक्य मी चाचींच्या उंबऱ्यावर बसून, माझ्याच कागदाबद्दल, मनात म्हणत होते. त्या दिवसांत वस्तीची दळणं दादानं त्याच्या गाडीतून शेजारच्या गावाला नेली-आणली. बायकांनी त्याला नावंही ठेवली आणि डबे चुकवल्याबद्दल शिव्याही घातल्या. "गड्या, कोडी सोडवनारी मशीनी हायत तुझ्याकडं, आन माझं दळण कंचं ते तुला कळंना?"

बऱ्याचशा मशीनी त्यानं शिरवळकडे एका कारखान्याच्या गाळ्यात हलवल्या, तिथं लाइट टिकते. तीन इथं ठेवल्या आहेत, पाचच्या मंजुरीत बसणाऱ्या. स्वतःच्या वेगळ्या डीपीसाठी त्यानं अर्ज केलाय. चाचींनी दहाच्या मोटरीला दहाची मंजुरी घेतली. दोघांत ठरलंय. सकाळी गिरणी लावायच्या आधी चाची मिस्ड कॉल देतात, दादा मशीनी बंद करतो. दळण संपलं की दुसरा मिस्ड कॉल. हे कुठल्याही कार्यालयानं ठरवून दिलेलं नाही आणि एकदाही मोडलेलं नाही.

आणि एक गंमत झाली. ओलसर हवेत मिरची नीट दळली जात नाही, दगडाला चिकटते. चाचींनी एकदा एकीला सांगितलं, जा, दादाच्या पंख्याच्या झळीपुढं तासभर पसर. आता पावसाळ्यात शेडच्या मागं बाजा मांडलेल्या असतात आणि त्यांवर मिरच्या, धुतलेले गहू, कुणाच्या गोधड्यासुद्धा. दादा नुसता शिंकतो. चाची त्याला सांगतात, "तुझ्या नाण्यापरीस तुझी हवा बरी हाय रं."

मी महिन्यातून दोनदा गावी जाते. एसटीतून उतरले की थेट गिरणीत. पट्ट्याचा आवाज रस्त्यावर येतो. आत पोत्यावर बसून गरम पिठात हात घालायचा, हे सुख मला आधी माहीत नव्हतं असं नाही, पण मी त्याला सुख म्हणत नव्हते. चाचींच्या भुवया पांढऱ्या असतात. टाकी भरून वाहते आणि त्यावरून बायका भांडतात. नव्या पत्रकाचा मसुदा मी आता आधी तिथं वाचते. चाची दळता दळता ऐकतात. गेल्या खेपेला त्यांनी विचारलं, "ह्या मानसाला भेटलीस का?" नव्हते भेटले. मसुदा पिशवीत गेला.

आता तुम्ही. तुम्ही जिथं राहता तिथंही एक डीपी आहे आणि तिथलीही लाइट कधीतरी पिवळी पडते. तेव्हा गिरणी, वेल्डिंगचं दुकान, कोपऱ्यावरचं एकटं घर, यांच्याविरुद्धचा एखादा कागद तुमच्यापुढं येईल आणि पेनही येईल. सही करू नका. आधी वही घ्या आणि स्वतःच्या घराचा भार लिहा. मग भावाचा, चुलत्याचा, मेव्हण्याचा, ज्याच्या दारात तुम्हाला चहा मिळतो त्याचा. ज्या दारात विचारायला तुमची जीभ अडते, तिथं उभं राहून आत काय चालतंय ते विचारा आणि बघून या. एकाही रकान्यात रेघ ओढू नका. हे आजच करा.